फाटकापासून सहावं

नोटिशीवर सही हितेंद्रची होती, आणि ती बोर्डावर चिकटवायला मैद्याची खळ त्याच्या आईने करून दिली होती. कशासाठी हवी, हे सुभद्राने विचारलंही नव्हतं. मुलगा सोसायटीचा सेक्रेटरी, त्याला चिकटवायला शंभर कागद. दुसऱ्या दिवशी दळण घेऊन येताना ती चष्मा लावून बोर्डापुढे उभी राहिली, तेव्हा तिला कळलं की आपण ती खळ ढवळली ती आपल्याच वईच्या मरणासाठी.

'कावजी बिल्डिंग सहकारी गृहनिर्माण संस्था. विशेष सर्वसाधारण सभा, रविवार, सकाळी अकरा. विषय: मागील बाजूचे करवंदीचे कुंपण काढून त्या जागी आठ फुटी भिंत बांधणे.'

दळणाचा डबा काखेत धरून तिने ते तीनदा वाचलं.

मग सात दिवस ती काही बोलली नाही. हडकरांच्या घरात बायका बोलायच्या थांबल्या की पुरुषांना वाटतं, सगळं सुरळीत चाललंय.

वई म्हणजे कुंपण. हा शब्द तिच्या सासूबरोबर मालवणहून बोटीने आला होता, आणि कुंपणही तसंच आलं. गुणाजी हडकरांची नवी नवरी भाऊच्या धक्क्यावर उतरली तेव्हा तिच्या ओच्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या बिया होत्या. बोटीवर तिने करवंदं खाल्ली आणि एकही बी समुद्रात टाकली नाही. करवंदाची बी शिळी झाली की रुजत नाही. आज खाल्लेली आज मातीत गेली पाहिजे, फार तर उद्या. म्हणून खोलीत पाऊल टाकायच्या आधी ती माझगावच्या ह्या बिल्डिंगमागे गेली आणि गल्लीची हद्द लागते तिथे बोटाने खड्डे करून बिया पुरून आली. गुणाजीला वाटलं, बायको कुठल्या देवाच्या पाया पडायला गेली.

तिथून चाल पडली. बिल्डिंगमध्ये नवी सून आली की येणाऱ्या मे महिन्यात तिने करवंदं खायची आणि अंधार पडायच्या आत बी लावायची. जुनं एखादं झुडूप वठलं असेल तिथे तिची जागा. पुढे ही चाल हडकरांपुरती राहिली नाही. पहिल्या मजल्यावरच्या कास्मीरने फ्लॉरेन्सला लग्न करून आणलं, तेव्हा तीही आंबट तोंड करत बी पुरून आली आणि वर जाऊन सासूला म्हणाली, आपल्यात हे पण असतं का? सासू म्हणाली, आपल्यात नसतं, बिल्डिंगीत असतं.

तेवीस झुडपांची रांग झाली. त्यातली तीनच विकतची. एका वर्षी कीड पडून सलग तीन गेली, त्या साली बिल्डिंगमध्ये लग्न नव्हतं, म्हणून सुभद्राच्या नवऱ्याने, दौलतने, नर्सरीतून रोपं आणून लावली. फाटकापासून सहावं, सातवं, आठवं. ती कुणाचीच नाहीत रे, असं तो मुलांना सांगायचा.

रविवारी सकाळी सुभद्रा मागे गेली. तिच्या हातात कास्मीरचे गोदीतले जुने चामडी हातमोजे होते. रिटायर झाला तेव्हा त्याने घड्याळ स्वतःला ठेवलं आणि हातमोजे वहिनींना दिले. वर्ष एक्याहत्तरपासून ही रांग तिच्या ताब्यात होती. फळं संपली की छाटायची, फुलात असताना कधीच नाही. खालून रुंद ठेवायची आणि वर निमुळती, म्हणजे बुंध्यापर्यंत ऊन पोचतं आणि पाय उघडे पडत नाहीत. शेजारच्या बिल्डिंगच्या मेंदीचे पाय पाहा, ती म्हणायची, चड्डी घालून उभी असल्यासारखी दिसते.

आत्ता वई भरात होती. काळपट हिरवी पानं बाराही महिने चकाकतात, पण मेमध्ये त्यांच्या आतून रंग फुटतो. एकाच घोसात हिरवं, गुलाबी, लाल आणि पिकून काळं. एका बेचक्यात बुलबुलाचं घरटं होतं. मादी मान वळवून सुभद्राकडे बघत राहिली, उडाली नाही. तिला ही बाई माहीत होती.

आणि रांगेच्या फाटकाकडच्या अंगाला फट होती. गेल्या गणपतीत सुभद्रा गावी गेली असताना हितेंद्रने तीन झुडपं तोडून मागच्या गल्लीत स्कूटर काढायला वाट केली होती. परत आल्यावर ती त्या फटीपुढे बराच वेळ उभी राहिली होती आणि काही बोलली नव्हती. बोलायचं कारण होतं, पण कुणीतरी तिला बोलू नका म्हणून सांगितलं होतं.

*

लेक रुपाली साडेनऊला दादरहून आली तेव्हा सुभद्राचा चेहरा उजळला.

"आलंस? बरा झाला. माझ्या बाजूने एक तरी माणूस."

रुपालीने पर्स खुंटीला लावली. शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना गप्प करणारी ही बाई आईसमोर आली की आधी पाणी पिते, मग बोलते.

"आई, मी दादाच्या बाजूने आलेय."

मोरीशी भांडी घासणाऱ्या मायाचा हात थांबला. ही हितेंद्रची बायको. नळ तिने बंद केला नाही, फक्त बारीक केला.

"खंयच्या दादाच्या?" सुभद्रा म्हणाली.

"एकच दादा आहे मला. आई, तुझा हात दाखव."

"माझ्या हाताचा माका कळता."

"काय कळतं? मागच्या वर्षी एक काटा गेला बोटात. साखर अडीचशे. पाच दिवस हॉस्पिटलात मी होते ना तुझ्या उशाशी? डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस उशीर केला असता तर बोट काढावं लागलं असतं. आणि तू घरी आल्यावर पहिलं काय विचारलंस? छाटणी राहिली का."

"मगे? राहिली होतीच."

"बघ. हिला बोटापेक्षा छाटणी मोठी." हे तिने मायाकडे बघून म्हटलं. नणंदा भावजयीकडे बघून बोलतात तेव्हा त्यांना होकार हवा असतो. मायाने भांडं विसळलं.

"वहिनी, तूच सांग. दादा चुकीचं म्हणतोय का? शिमग्यात पाण्याचा पंप चोरीला गेला. दोन दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांनी बादल्या वाहिल्या. लोक दादाला बोलतात, तुझ्या आईच्या झाडांपायी."

"मी काय सांगणार," माया म्हणाली. "माझं कुठे मत आहे."

"मत तसं दादाचंही नाही म्हणा," रुपाली म्हणाली. "शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर. आई गेली नाही मीटिंगला तर सहयोगी सभासद म्हणून तो मत देतो. अकरा वर्षं तसंच चाललंय."

हे बोलून झाल्यावर रुपालीच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. मुलांना गणित सोडवून दाखवताना कधीकधी उत्तर आधीच तोंडातून निघतं, तसं झालं.

सुभद्रा उठली. कपाटातून तिने नारळी पौर्णिमेची जांभळी साडी काढली.

"आई, कुठे?"

"मीटिंगला."

"आणि मी गेले नाही तर हितू मत देतो," सुभद्रा पदर सारखा करत म्हणाली, "हा माका अकरा वर्षांत कोणी सांगूक नाय."

मायाने नळ बंद केला. तिने हात पुसले, सासूच्या निऱ्या बसून नीट केल्या आणि पायाशी बसल्या बसल्याच म्हणाली, "आई, चष्मा घ्या. रजिस्टरवर सही करायची असते."

रुपालीने भावजयीकडे बघितलं. ही कधी तिकडे गेली, ते तिला कळलं नाही.

*

सभा तळमजल्याच्या पॅसेजमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, जिन्यावर बसलेले दहा-बाराजण, टेबलापाशी अध्यक्ष म्हणून कास्मीर. हितेंद्रने भिंतीचा नकाशा स्वतः काढला होता. पट्टी घेऊन, पेन्सिलीने आणि मग शाईने. वर काचा, त्यावर तार, दोन कॅमेरे. कोपऱ्यात लहान अक्षरांत त्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि मग ते बरं दिसेना म्हणून 'व्यवस्थापक समिती' असं केलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याने उभी केलेली एकही गोष्ट नव्हती. ऑफिसात फायली पुढे सरकवल्या, घरात आजोबांच्या खोलीला रंग दिला. ही भिंत राहिली असती.

म्हणून आई जांभळ्या साडीत दारातून आत आली तेव्हा त्याला आधी आनंदच झाला. ती बघायला आली असं वाटलं. मग तिने रजिस्टर ओढून घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर बसवत लिहिलं: सुभद्रा दौलत हडकर.

"आई, तू कशाला? मी आहे ना."

"मी असले की तू नसतोस म्हणे. रुपालीने सांगितलं."

त्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने जिन्याकडे.

"वहिनी बरोबर बोलते," कास्मीर म्हणाला. "मेंबर हजर, तर मत मेंबरचं. तू रिपोर्ट वाच, बाबा."

त्याने रिपोर्ट वाचला. पंपाची चोरी, पोलिसांत तक्रार, स्टोअरजवळच्या घुशी, काट्यांनी फाटलेले पोरांचे बॉल. चांगला वाचला. शेवटी म्हणाला, "कुंपण असून चोर आलाच ना? मग अशा कुंपणाचा उपयोग काय?"

दुसऱ्या मजल्यावरच्या रघुवीरने टाळी वाजवली. रघुवीर कुठल्याही ठरावाला टाळी वाजवतो. "करेक्ट बोलला सेक्रेटरी. आज जमाना भिंतीचा आहे. काकू, करवंदं काय, हिंदमाताच्या पुलाखाली वाटा घेऊन बसलेल्या असतात बायका."

सुभद्रा उभी राहिली. घरात ती मालवणी बोलते. मीटिंगमध्ये तिने शाळेतलं मराठी काढलं, सणाचं भांडं काढावं तसं.

"चोर वईतून आला नाही. फटीतून आला. पंप उचलून माणूस काट्यांतून जात नाही, वाटेने जातो. ती वाट गेल्या गणपतीत पडली. त्याच्या आधी चोपन्न वर्षं मी बघते आहे, मागच्या बाजूने उंदीर सुद्धा आला नाही, कारण बुंध्याशी मुंगूस राहायचं. फटीतून माणसं ये-जा करायला लागली, मुंगूस गेलं. मग घुशी आल्या. हे सगळ्यांना ठाऊक आहे."

कास्मीर सात वाजताच्या मिसाला, चर्चमध्ये, त्याच फटीतून जात होता. रघुवीर सिगारेटला. तिसऱ्या मजल्यावरची अक्षता क्लासला. सगळी बिल्डिंग आठ महिने त्या फटीतून जात होती, म्हणून आठ महिन्यांत कुणीही तिच्याकडे बोट दाखवलं नव्हतं.

हितेंद्रचे कान तापले. "ठीक आहे. फट मी पाडली, मान्य. बेवारशी झुडपं होती म्हणून पाडली, कुणाच्या झाडाला हात नाही लावला. पण आई, फट नसती तरी झाडं ती झाडंच. माणसाने मनात आणलं तर कुठूनही घुसेल."

"मगे घूस," सुभद्रा म्हणाली.

"काय?"

"चल मागे. फट सोडून कुठूनही पलीकडे जाऊन दाखव. गेलास, तर माझं मत भिंतीला."

खुर्च्या सरकल्या. कुणी ठराव मांडला नाही, अनुमोदन दिलं नाही, पण कावजी बिल्डिंगची विशेष सर्वसाधारण सभा एकमताने उठून मागच्या अंगणात गेली. ज्यांनी फटीशिवाय तिकडे वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं, ते बघत राहिले. ऊन थेट घोसांवर होतं. अक्षताने मोबाइल काढला आणि करवंदांचेच फोटो काढले.

"सेक्रेटरी, शर्ट काढून जा," रघुवीर म्हणाला. "नवा दिसतो."

"यात काय आहे," हितेंद्र म्हणाला. फटीच्या लगतचं झुडूप त्याला जरा विरळ वाटलं. त्याने दोन फांद्या हाताने बाजूला केल्या, खांदा घातला, डोकं वाकवलं आणि आत गेला.

एक पाऊल गेला. दुसरं उचललं, ते ठेवता येईना.

करवंदीचा काटा जोडीने असतो. एकाला सोडवायला मागे सरका, दुसरा बसतो. बाहीला, पाठीला, पँटला, एक कानामागे. पुढे जाता येईना, मागे येता येईना. वरून बुलबुलाने शिव्या द्यायला सुरुवात केली.

"पोचलास?" आईने विचारलं.

*

मायाने हातमोजे घातले आणि कोयती घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. रुपालीही पुढे आली, पण हातमोजे एकच जोड होता.

"फळाची फांदी तोडू नको गो," सुभद्रा मागून म्हणाली.

"मग मलाच तोडा," आतून आवाज आला.

अंगण हसलं. माया हसली नाही. ती वाकून बुंध्याच्या बाजूने आत शिरली आणि एकेक काटा सोडवायला लागली. लोकांत ती नवऱ्याला अहो-जाहो करते. इथे, पानांच्या आत, दोघांची तोंडं वीतभर अंतरावर होती.

"हलू नको."

"काय तमाशा झाला माझा."

"झाला. मान डावीकडे घे." तिने कानामागचा काटा काढला. "कुणाचं झाड आहे हे, माहीत आहे?"

"कुणाचं?"

"आईंचं. तू तुझ्या आईत अडकलायस." बाहीचा एक काटा सुटला. "आणि शेजारी, जिथून तू स्कूटर काढतोस, तिथे कोणाचं होतं?"

"कुणाचंच नाही. बाबांनी सांगितलेलं. फाटकापासून सहावं, सातवं, आठवं, विकतची. मी मोजून तोडली, माया. दोनदा मोजली."

"कुठल्या फाटकापासून?"

तो होता तसाच राहिला. हलायचं नाही म्हणून नव्हे.

फाटक त्याच्या दहावीच्या सुट्टीत हललं होतं. पुढचा रस्ता रुंद झाला तेव्हा बिल्डिंगचं फाटक पूर्वेचं पश्चिमेला आलं. जुने खांब पाडताना तो स्वतः तिथे उभा होता, बिजागऱ्या त्याने भंगारात नेऊन दिल्या होत्या. बाबा सांगायचे ते जुन्या फाटकापासून. विकतची तीन रांगेच्या त्या टोकाला होती. अजूनही होती, जोमात. हितेंद्रने ह्या टोकाकडून मोजलं होतं.

मायाला सगळं स्पष्ट आठवत होतं, ती त्याच्यासारखी मोजून लक्षात ठेवणारी नव्हती. कल्याणहून लग्न करून ती आली, आणि मेमधल्या एका संध्याकाळी सासूने तिच्या हातावर करवंदं ठेवली. आंबट, तुरट, चिकाने ओठ चिकटले. असले अडाणी प्रकार अजून चालतात, असं मनात म्हणत तिने बी पुरली. हितेंद्र तांब्या घेऊन शेजारी उभा होता. पाणी घालताना अर्धं त्याने तिच्या पायावर सांडलं आणि म्हणाला, झाड कुठलं न् बायको कुठली, कळलं नाही. त्या वेळी ती हसली होती. पुढे ते झुडूप तिच्या कमरेएवढं झालं, खांद्याएवढं झालं. माहेरची आठवण आली की ती तिथे कपडे वाळत घालायला जायची, जरी तिथे दोरी नव्हती.

"माझं होतं," ती म्हणाली. "तुझ्या मोजणीने आठवं. बाकीची दोन डोंबिवलीला गेलेल्या बिऱ्हाडांची."

"तू बोलली का नाहीस?"

"आईंनाही मीच सांगितलं, बोलू नका. म्हटलं, त्याला आठवू दे." पाठीवरचा शेवटचा काटा तिने दोन बोटांत धरून सोडवला. "आठ महिने मी फाटकावरून वळसा घालून बाजारात जाते. सगळी बिल्डिंग फटीतून जाते. ते पण नाही दिसलं तुला."

तो मोकळा झाला होता, तरी निघाला नाही.

"हितेंद्र, चल. लोक थांबलेत."

*

तो उलट्या पावलांनी बाहेर आला. नवा शर्ट गेला होता. गालावर एक लाल रेघ होती. रघुवीरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण हितेंद्र थेट कास्मीरसमोर जाऊन उभा राहिला, आणि सुभद्राला एकदम दौलतची आठवण झाली. चुकल्यावर तोही असाच ताठ चालायचा.

"अंकल, ठराव मी मागे घेतो."

"कारण लिहायला लागेल, बाबा. मिनिट्समध्ये."

"लिहा." त्याने घसा साफ केला. "फट सेक्रेटरीने पाडली. चुकीच्या फाटकापासून मोजून पाडली. एक झाड माझ्या बायकोचं होतं. चोर तिथून आला. सेक्रेटरी ती फट स्वतः बुजवेल. आजच."

"एवढं सगळं लिहू?"

"सगळं लिहा. आणि पंपाच्या खोलीला लोखंडी दार, त्याचा वेगळा ठराव."

सुभद्राने मान वळवून भलतीकडेच बघितलं. मुलाने पहिला नंबर आणला तेव्हाही ती अशीच कपाटाकडे बघत राहिली होती. समोर बघितलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं.

"पण आज बुजवणार कशी?" रुपाली म्हणाली. "झाड वाढायला चार वर्षं."

"तोवर वरच्या वाढलेल्या फांद्या तोडून आडव्या रचायच्या," सुभद्रा म्हणाली. "काटे सुकले की जास्त बोचतात. माणूस येत नाय."

"छाटणी मी करीन. फळं संपली की येईन." रुपालीने मायाच्या हातातले हातमोजे काढून घेतले. "आणि तू लांबून सांगायचं. लांबून म्हणजे खुर्चीवर बसून. नाहीतर भिंत बांधायला मीच विटा आणीन."

"ही बघा मास्तरीण," सुभद्रा कास्मीरला म्हणाली, पण हातमोजे तिने परत मागितले नाहीत.

हितेंद्र आईच्या झुडपापाशी गेला, त्याच, ज्याने त्याला धरून ठेवलं होतं, आणि काळी झालेली करवंदं वेचली. तळहातावर सहा-सात. तिसाव्या वर्षानंतर त्याने ह्या रांगेतलं एक फळ खाल्लं नव्हतं. अॅसिडिटी होते म्हणायचा. त्याने एक तोंडात टाकलं.

"नवरी कोण मग? सेक्रेटरी?" रघुवीरला आता राहवेना. "काकू, ओटी भरा त्याची."

"तू भर," फ्लॉरेन्स वरून गॅलरीतून म्हणाली. "आणि सिगारेटला पुढून जा आता."

हितेंद्र चावत होता. आंबटाने त्याचा डावा डोळा मिटला, चीक ओठांना लागला. त्याने बिया तळहातावर घेतल्या, लहान मुलासारख्या, जिभेने पुढे ढकलत.

"कुठे?" त्याने बायकोला विचारलं.

माया फटीत उभी राहिली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. टायरांनी दबून कडक झालेल्या जमिनीवर तिने इकडेतिकडे पाहिलं, आईंच्या झुडपापासून दोन पावलं मोजली आणि पायाच्या अंगठ्याने रेघ ओढली. त्याने कोयतीच्या टोकाने माती फोडली. बिया आत गेल्या. तांब्या मायाने आणला होता. पाणी तिने घातलं आणि निम्मं त्याच्या पायावर सांडलं. सांडलं की सांडवलं, हे कावजी बिल्डिंगला कळलं नाही. त्याला कळलं.

रुपालीने कुणाला न विचारता दोन करवंदं तोंडात टाकली. मुलींना ह्या रांगेत जागा नसे. त्यांनी जायच्या घरी लावायचं. तिच्या घरी सातव्या मजल्यावर कपडे वाळत घालायची दांडी होती. तिने शेजारी खड्डा केला, सातव्याच्या जागी. सुभद्राने बघितलं आणि मायाकडचा तांब्या तिच्या हातात दिला. सहाव्याची जागा कास्मीरने धाकट्याच्या होणाऱ्या बायकोसाठी मागून घेतली. लग्न डिसेंबरात.

"मेलानी येईल तेव्हा फळ नसेल वहिनी."

"मगे पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबेल. जागा खंय पळता?"

लोक पांगले. दुपारचं जेवण होऊन, भांडी होऊन, ऊन उतरल्यावर सुभद्रा पुन्हा मागे आली. फटीत काट्यांच्या फांद्या आडव्या रचलेल्या होत्या, हितेंद्रने सुंभाने बांधल्या होत्या, आणि बांधणीत त्याच नकाशातली शिस्त होती. बुलबुल घरट्यावर परतली होती.

सुभद्रा चालत रांगेच्या पार त्या टोकाला गेली, जिथे जुनं फाटक होतं. तिथून तिने मोजायला सुरुवात केली, प्रत्येक झुडपाला हात लावत, सासूने शिकवलं होतं तशी. एक, म्हणजे सासूचं. सहा, सात, आठ, विकतची, कुणाचीच नाहीत, तरी त्यांनाही हात लावला. बारा फ्लॉरेन्सचं. पंधरा तिचं स्वतःचं, ज्याच्यात सकाळी तिचा मुलगा अडकला होता. पुढे काट्यांची आडवण सुरू होत होती. तिच्यावरून हात लांब करून सुभद्राने खालच्या ओल्या मातीला बोटं टेकवली आणि मोजणं थांबवलं नाही.

"सोळा," ती म्हणाली.